चेंडू हातातून काढून घेतल्यावर

बास्केटबॉलमध्ये एकटा माणूस सामन्यावर जेवढी पकड बसवू शकतो, तेवढी दुसऱ्या सांघिक खेळात क्वचितच बसते. एका बाजूला पाचच जण, तेच आक्रमण करतात आणि तेच बचाव करतात. अव्वल खेळाडू 48 मिनिटांपैकी 35-40 मिनिटं मैदानावर असतो आणि त्या वेळात संघाच्या जवळपास एक तृतीयांश चाली त्याच्याच हातात संपतात. त्यामुळे ‘त्याने एकट्याने विजेतेपद खेचून आणलं’ हे वाक्य या खेळात फार सहज बोललं जातं. आणि त्याच्या पाठोपाठ तो जुना वादही येतो : एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, जिंकायची तर सुपरस्टारला सोबत दुसरा स्टार लागतोच का?

माझं मत असं की सुपरस्टारला लागतो तो निर्णय घेऊ शकणारा दुसरा माणूस. तो ऑल-स्टार (मोसमाच्या मध्यावर निवडल्या जाणाऱ्या मोजक्या अव्वल खेळाडूंपैकी एक) असला तर उत्तमच, पण नसला तरी निभावतं. असा माणूसच संघात नसेल, तर मात्र आजवर कुणाचं निभावलेलं मला दिसत नाही. हे पटायला विजेत्यांची यादी फार उपयोगाची नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, प्रतिस्पर्धी सुपरस्टारशी नेमकं काय करतात, ते बघावं लागतं.

साखळीत 82 सामने असतात. आज हा संघ, उद्या तो, तयारीला वेळ नाही. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत गाठ पडते. तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्या प्रशिक्षकाला तुमच्या प्रत्येक चालीचं नाव पाठ झालेलं असतं. मग तो एकच गोष्ट ठरवतो : चेंडू या माणसाच्या हातात राहू द्यायचा नाही. बाकीच्या चौघांनी हरवलं तर हरवू दे.

एक चाल जवळून बघू. 24 सेकंदांच्या घड्याळात 14 सेकंद उरलेत. सुपरस्टार थ्री पॉइंट रेषेच्या बाहेर, मधोमध, चेंडू टप्पे देत उभा आहे. त्याचा उंच सहकारी येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. नेहमीच्या बचावात स्क्रीन लावणाऱ्याचा रखवालदार मागे सरकतो. इथे तो उलट पुढे झेपावतो. आता सुपरस्टारसमोर दोन धिप्पाड अंगं आणि चार उंचावलेले हात. चेंडू सोडायला त्याला जेमतेम एक सेकंद मिळतो. स्क्रीन लावणारा तोवर वळून फ्री थ्रो रेषेच्या आसपास पोहोचलेला असतो. पास त्याच्याकडे जातो. दोन बचावपटू मागे राहिलेत, म्हणजे पुढे आहेत चार हल्लेखोर आणि तीन बचाव करणारे.

इथपर्यंत सुपरस्टारचं काम झालं. विजेतेपद ठरतं ते पुढच्या दीड सेकंदात, आणि ते त्याच्या हातात नाही. चेंडू घेणाऱ्याला एका टप्प्यात वाचायचं असतं की रिंगखालचा उंच बचावपटू पुढे आला का. आला तर त्याच्या मागे बेसलाइनवर उभ्या असलेल्याला पास. कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला तर कोपऱ्यातल्या नेमबाजाला. कुणीच हललं नाही तर स्वतः आत घुसून फेक.

बिघडतं कसं, तेही ठरलेलं आहे. पास घेणारा चेंडू कमरेपाशी खाली आणतो आणि कुणाचा तरी हात लागून तो निसटतो. किंवा खात्री करून घ्यायला तो आणखी दोन टप्पे घेतो. तेवढ्यात मागे राहिलेले दोघं परत येतात आणि चारास तीनचा फायदा विरून जातो. किंवा कोपऱ्यात उभा असलेला नेमबाजच नसतो, म्हणून त्याचा रखवालदार त्याला सोडून खुशाल रिंगखाली ठाण मांडतो. मग गोंधळून चेंडू पुन्हा सुपरस्टारकडे येतो, पण आता घड्याळात चारच सेकंद आहेत आणि तो रिंगपासून तीस फुटांवर उभा आहे. तो अवघड फेक मारतो, चुकते. दुसऱ्या दिवशीच्या आकडेवारीत ती चूक त्याच्या नावावर पडते. मोठ्या खेळाडूंच्या ‘खराब’ प्लेऑफ सामन्यांमध्ये अशा किती फेका दडलेल्या असतात, ते सामना पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही.

याचं चोख उदाहरण 2019 च्या फायनलमध्ये घडलं. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर होता आणि दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये क्ले थॉम्पसनही जायबंदी झाला. टोरांटोचे प्रशिक्षक निक नर्स यांनी बॉक्स अँड वन लावला : एक माणूस स्टेफ करीला चिकटलेला, उरलेले चौघं चौकोनात. हा शाळकरी पातळीवरचा बचाव, एनबीएच्या फायनलमध्ये! गोल्डन स्टेटला पाच मिनिटांहून जास्त काळ एकही गुण करता आला नाही. शेवटी दोन गुणांची आघाडी उरली असताना करीला दोघांनी घेरलं. त्याने चेंडू शॉन लिव्हिंग्स्टनकडे सोडला, त्याने मोकळ्या आंद्रे इग्वोडालाकडे, आणि इग्वोडालाने थ्री पॉइंटर मारून सामना 109-104 असा संपवला. पुढच्या सामन्यात थॉम्पसन खेळलाच नाही. करीने 47 गुण केले आणि गोल्डन स्टेट 123-109 असा हरला. दोन्ही सामन्यांत करी तोच होता. वाचवलं ते सुटलेला चेंडू सांभाळणाऱ्या दोन जुन्याजाणत्या हातांनी, आणि तेही एकदाच.

मायकेल जॉर्डनबद्दल हे बोलताना त्याच्या भक्तांना राग येतो, पण त्याची कारकीर्द हाच या वादातला सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे. 20 एप्रिल 1986 रोजी बॉस्टनमध्ये त्याने प्लेऑफचा विक्रम करत 63 गुण काढले. त्याचा संघ शिकागो दुसऱ्या जादा वेळेत 135-131 असा हरला आणि मालिका 3-0 ने गेली. पुढच्या मोसमात त्याची सरासरी होती सामन्यामागे 37.1 गुण. संघाने 40 सामने जिंकले, 42 हरले, आणि बॉस्टनने पुन्हा 3-0 ने घरी पाठवलं. 1987 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट आले. तरीही 1988, 1989, 1990 अशी तीन वर्षं डेट्रॉइटने अडवलं, कारण जॉर्डनकडून चेंडू सुटला की पुढे काय करायचं हे त्या पोरांना अजून उमगत नव्हतं.

प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांच्या ट्रायँगल आक्रमणाने नेमकं तेच शिकवलं. 1991 च्या फायनलच्या पाचव्या सामन्यात, अखेरच्या मिनिटांत लेकर्सचा बचाव जॉर्डनभोवती गोळा झाला, तेव्हा चेंडू जॉन पॅक्सनकडे जात राहिला आणि पॅक्सन मारत राहिला. त्या सामन्यात त्याचे 20 गुण होते, पिपेनचे 32. 1993 च्या सहाव्या सामन्यात फिनिक्सविरुद्ध 3.9 सेकंद उरले असताना विजयी थ्री पॉइंटरही पॅक्सनचाच. 1997 च्या सहाव्या सामन्यात युटाविरुद्ध 86-86 अशी बरोबरी असताना जॉन स्टॉकटन आपला माणूस सोडून जॉर्डनवर धावला. तो सोडलेला माणूस होता स्टीव्ह कर. जॉर्डनने पास दिला, करने सुमारे सतरा फुटांवरून चेंडू आत टाकला. जॉर्डनचे त्या रात्री 39 गुण होते, पण विजेतेपदाची फेक त्याची नव्हती. पॅक्सन आणि कर, दोघांपैकी एकही कधी ऑल-स्टार नव्हता.

पिपेन मात्र स्टार होता, आणि किती मोठा ते जॉर्डन निवृत्त झाल्यावर दिसलं. 1992-93 मध्ये जॉर्डनसह शिकागोने 57 सामने जिंकले होते. 1993-94 मध्ये त्याच्याशिवाय 55. फक्त दोन कमी! यावरून जॉर्डनचं महत्त्व कमी होतं असं अजिबात नाही, विजेतेपद त्या वर्षी आलंच नाही. पण तो ‘एकटा’ होता या गोष्टीत तथ्य नाही, एवढं त्या 55 विजयांनी कायमचं लिहून ठेवलं आहे.

विल्ट चेंबरलेनचं उदाहरण जरा वेगळ्या वळणाचं आहे. 1961-62 मध्ये त्याची सरासरी 50.4 गुण होती, 2 मार्च 1962 रोजी त्याने एका सामन्यात 100 गुण केले, आणि त्याच वर्षी बिल रसेलच्या बॉस्टनकडून सातव्या सामन्यात तो बाहेर पडला. 1967 मध्ये फिलाडेल्फिया 76र्सकडून खेळताना तो विजेता झाला, तेव्हा त्याची सरासरी 24.1 वर आली होती आणि असिस्ट (ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो ते) 7.8 वर गेले होते. हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम असे गुण करणारे साथीदार होते आणि प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला चेंडू वाटायला लावला होता. म्हणजे साथीदार असून भागत नाही, सुपरस्टारला त्यांना चेंडू द्यायची सवयही लागावी लागते.

आता अपवादांकडे. ‘एकाच ऑल-स्टारचा विजेता संघ’ म्हणून हकीम ओलाजुवानचं 1994 चं ह्यूस्टन, टिम डंकनचं 2003 चं सॅन अँटोनिओ, डर्क नोवित्स्कीचं 2011 चं डॅलस, यानिस अँटेटोकुन्पोचं 2021 चं मिलवॉकी आणि निकोला योकिचचं 2023 चं डेन्व्हर ही नावं पुढे केली जातात. मला हे पाचही संघ मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांना ‘एकट्याचा पराक्रम’ म्हटलेलं खटकतं.

ह्यूस्टनमध्ये ओलाजुवान रिंगजवळ पाठ करून चेंडू घ्यायचा आणि भोवती नेमबाज पसरलेले असायचे. 1994 मध्ये नियम त्याच्या बाजूने होता : तेव्हा झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणं, बेकायदा होता. बचावपटूला अधेमधे घुटमळता येत नसे; आपल्या माणसाजवळ राहा, नाहीतर पूर्णपणे चेंडूवर धावून जा. त्यामुळे डबल टीम (घेरायला येणारा दुसरा बचावपटू) कुठून येतेय हे ओलाजुवानला आधीच दिसायचं आणि पास सोपा व्हायचा. न्यू यॉर्कविरुद्ध तिसऱ्या सामन्याच्या शेवटी त्याने असाच घेरातून बाहेर टाकलेला चेंडू पहिल्याच मोसमातल्या सॅम कॅसेलने थ्री पॉइंटर मारून सार्थ केला. 2001-02 पासून झोन कायदेशीर झाला. आता बचावपटू आपल्या माणसापासून दोन पावलं आत उभा राहून सुपरस्टारची वाट आधीच बंद करू शकतो. रंगीत चौकोनात कुणाला न धरता तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, एवढंच बंधन. एकखांबी संघाचं काम तेव्हापासून जास्त अवघड झालं आहे, आणि जुन्या काळाशी तुलना करताना हा बदल बहुतेक जण विसरतात.

डंकनने 2003 च्या शेवटच्या सामन्यात 21 गुण, 20 रिबाउंड (चुकलेल्या फेकीचा पकडलेला चेंडू), 10 असिस्ट आणि 8 ब्लॉक केले. यातला 10 हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या दहा पासेसवर बास्केट होते, याचा अर्थ दहा वेळा दुसऱ्या कुणीतरी चेंडू आत टाकलेला असतो. त्या संघात वीस-एकविशीचा टोनी पार्कर होता, एनबीएत नवखा मानू जिनोबिली होता, शेवटचा मोसम खेळणारा डेव्हिड रॉबिन्सन होता आणि तोच स्टीव्ह कर, ज्याने डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात बाकावरून उठून चारपैकी चार थ्री पॉइंटर मारले होते. पार्कर आणि जिनोबिली पुढे मोठे स्टार झाले. 2003 मध्ये ऑल-स्टारच्या यादीत नव्हते, एवढाच फरक.

तीच गत 2021 च्या मिलवॉकीची. यानिसने सहाव्या सामन्यात 50 गुण केले, 19 पैकी 17 फ्री थ्रो घातले. पण त्याआधी चौथ्या सामन्यात 40 गुण क्रिस मिडलटनचे होते आणि पाचव्यात निर्णायक क्षणी डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू हिसकावणारा ड्रू हॉलिडे होता. दोघांपैकी कुणीही त्या मोसमात ऑल-स्टार नव्हतं. मोसमाच्या मध्यावर, चाहत्यांच्या मतांच्या हातभाराने ठरणाऱ्या बिरुदावर फायनलमधल्या बास्केटबॉलचं मोजमाप करण्यात अर्थ नाही.

डॅलसचा पुरावा मला सर्वात पटतो, कारण तिथे पुढच्याच वर्षी उलट प्रयोगही झाला. 2011 च्या फायनलमध्ये समोर होते मायामीचे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश. निर्णायक सहाव्या सामन्याच्या पूर्वार्धात नोवित्स्कीची 12 पैकी एकच फेक आत गेली. तरी डॅलस पुढे राहिलं, कारण जेसन टेरी 27 गुणांपर्यंत गेला, होसे बरेआ बचाव फोडत होता, शॉन मॅरियन लेब्रॉनला धरून होता आणि मागे टायसन चँडलर रिंग राखत होता. चँडलर आदल्या उन्हाळ्यात शार्लटकडून आला होता. विजेतेपदानंतर डॅलसने भविष्यात पगाराची जागा मोकळी ठेवायची म्हणून त्याला दीर्घ करार दिला नाही. तो न्यू यॉर्कला गेला. 2012 मध्ये पहिल्याच फेरीत ओक्लाहोमा सिटीने डॅलसला 4-0 ने बाहेर काढलं. नोवित्स्की 2019 मध्ये निवृत्त झाला, पण त्या विजेतेपदानंतर त्याला प्लेऑफची एकही मालिका जिंकता आली नाही. स्टार तर संघातच होता. गेला होता तो रिंगखालचा माणूस.

लेब्रॉनने दोन्ही टोकं पाहिली. 2007 मध्ये डेट्रॉइटविरुद्ध पाचव्या सामन्यात त्याने संघाचे शेवटचे सलग 25 गुण एकट्याने केले; फायनलमध्ये सॅन अँटोनिओने क्लीव्हलंडला 4-0 ने धुतलं. 2015 च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध केव्हिन लव्ह आधीच जायबंदी होता आणि कायरी अर्विंगचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. लेब्रॉनची सरासरी 35.8 गुण, 13.3 रिबाउंड, 8.8 असिस्ट, मैदानावर सामन्यामागे 45 मिनिटांहून जास्त. क्लीव्हलंड 2-1 ने पुढेही गेलं, आणि मग लागोपाठ तीन सामने हरलं. पाय थकले की पहिल्यांदा जंप शॉट आखूड पडतो, आणि त्याच्या फेकांची अचूकता 40 टक्क्यांच्या खाली गेली होती. पुढच्या वर्षी तेच दोन संघ भिडले. सातव्या सामन्यात 89-89 वर गुणफलक मिनिटामागून मिनिट अडकून पडला होता. 53 सेकंद उरले असताना करीसमोर थ्री पॉइंटर मारला तो अर्विंगने.

मग तीन स्टार गोळा केले की झालं? ब्रुकलिनने ड्युरंट, अर्विंग आणि जेम्स हार्डन एकत्र आणले. तिघं मिळून सगळे धरून 16 सामने खेळले. फिनिक्सने ड्युरंट, बुकर आणि ब्रॅडली बील जमवले. 2024 मध्ये मिनेसोटाने पहिल्या फेरीत 4-0 ने हरवलं आणि 2025 मध्ये 36-46 अशा कामगिरीमुळे प्लेऑफच हुकला. तिघांचं कसब एकच : चेंडू हातात घेऊन स्वतःसाठी फेक तयार करणं. चेंडू मात्र एकच असतो, आणि रिंग राखायला, स्क्रीन लावायला, सुटलेल्या चेंडूमागे झोकून द्यायला पैसे उरलेले नसतात. मायामीत हे जमलं ते ख्रिस बॉशमुळे. टोरांटोत सामन्यामागे 24 गुण करणारा माणूस 2012-13 मध्ये 16.6 वर आला, सेंटरची, म्हणजे रिंगखालच्या सर्वात उंच खेळाडूची, धक्काबुक्की त्याने अंगावर घेतली. 2013 च्या सहाव्या सामन्यात लेब्रॉनची फेक चुकल्यावर रिबाउंड घेऊन कोपऱ्यातल्या रे ॲलनला चेंडू देणारा तोच होता.

पैशाचा हिशेब आता आणखी कडक झाला आहे. 2025-26 साठी संघाच्या एकूण पगाराची मर्यादा सुमारे 15.46 कोटी डॉलर ठरली. सर्वोच्च करार या रकमेच्या 35 टक्क्यांपासून सुरू होऊ शकतो, म्हणजे साधारण 5.4 कोटी. असे दोन करार केले की 70 टक्के संपले, आणि पथकात माणसं 15 लागतात. मर्यादा ओलांडता येते, पण सुमारे 20.78 कोटींच्या दुसऱ्या ॲप्रन नावाच्या वरच्या रेषेपलीकडे गेलात की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महाग खेळाडू घेता येत नाही, मिड-लेव्हल (मर्यादेबाहेर देता येणारा मध्यम पगाराचा) करार देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) अदलाबदलीत वापरता येत नाही. 2024 च्या विजेत्या बॉस्टनने पुढच्याच उन्हाळ्यात हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांना सोडलं, ते याच ओझ्यापायी.

आणि याचा चटका सगळ्यात स्पष्ट बसला तो डेन्व्हरला. 2023 च्या विजेत्या संघात योकिचला जमाल मरे होता, जो तोवर एकदाही ऑल-स्टार झाला नव्हता पण त्याच्याबरोबरचा पिक अँड रोल (वर पाहिलेली स्क्रीन लावून वळण्याची चाल) कुणालाच अडवता येत नव्हता. चेंडू दोघांपैकी कुणाकडेही गेला तरी चारास तीन वाचता यायचं. शिवाय रिंगखाली योग्य जागी दबा धरून बसणारा ॲरन गॉर्डन, कोपऱ्यात केंटेव्हियस काल्डवेल-पोप आणि मायकेल पोर्टर ज्युनियर, बाकावरून ब्रूस ब्राऊन. योकिच विश्रांतीला बसला की गॉर्डनला सेंटर करून ती आठ-नऊ मिनिटं तगून राहायची, हेही बसवलेलं होतं. मायामीला त्यांनी 4-1 ने हरवलं. त्याच उन्हाळ्यात ब्राऊन दोन वर्षांच्या साडेचार कोटींच्या करारावर इंडियानाला गेला. तेवढा पगार देण्याची मुभा नियमांनी डेन्व्हरला ठेवलीच नव्हती.

2024 मध्ये मिनेसोटाविरुद्ध सातव्या सामन्यात डेन्व्हर घरच्या मैदानावर उत्तरार्धात 20 गुणांनी पुढे होतं. मरेचे 35 गुण झाले, योकिचचे 34 गुण आणि 19 रिबाउंड. बाकी सगळ्यांचे मिळून 21. डेन्व्हर 98-90 असं हरलं. काल्डवेल-पोप त्या उन्हाळ्यात ऑर्लँडोला गेला आणि 2025 मध्ये पुन्हा सातव्या सामन्यात, या वेळी ओक्लाहोमा सिटीकडून, ते बाहेर पडले. मग डेन्व्हरने पोर्टर आणि 2032 चा पहिल्या फेरीचा पिक देऊन स्वस्तातला कॅमेरॉन जॉन्सन घेतला, योकिचच्या विश्रांतीच्या मिनिटांसाठी योनास व्हालानचुनास आणला, कोपऱ्यासाठी टिम हार्डवे ज्युनियर, आणि किमान पगाराच्या करारावर ब्रूस ब्राऊनला परत बोलावलं.